नळी काळी पडली, पण आत कोण आहे? उष्णताप्रिय सल्फेट-क्षपक जीवाणूंची ओळख पटवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कोकणातल्या एका गरम पाण्याच्या झऱ्यातला गाळ आणला, पोस्टगेट बी माध्यमात (सल्फेट-क्षपक जीवाणू वाढवायच्या द्रवात) घालून 60 अंश सेल्सिअसला ठेवला. चौथ्या दिवशी नळी काळीकुट्ट झाली. 16एस आरआरएनएचा, म्हणजे जीवाणू ओळखायला वाचतात त्या जनुकाचा, साधारण 600 अक्षरांचा तुकडा वाचून घेतला, तर तो डेसल्फोटोमॅक्युलम या सल्फेट-क्षपक गटाशी 98.2 टक्के जुळतो. 98.7च्या खाली म्हणजे नवी जात, असं वाचलंय. मग नवी जात म्हणू का? आणि वर्गीकरण कुठून सुरू करू?"

नवी जात इतक्यात म्हणू नका. पण नळी जपून ठेवा, कारण तिच्यात काहीतरी चांगलं असण्याची शक्यता बरीच आहे. या जीवाणूंबरोबर, म्हणजे ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून त्याचं सल्फाइड करणाऱ्यांबरोबर, माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि माझ्याकडून झालेल्या बहुतेक चुका तुम्ही आत्ता उभ्या आहात तिथेच झाल्या: नळी काळी पडल्यावर आणि कल्चर (नळीत वाढवलेले जीवाणू) शुद्ध होण्याच्या आधी.

काळ्या रंगापासून सुरुवात करू. तो रंग आयर्न सल्फाइडचा. माध्यमात फेरस सल्फेट असतं, कुठूनही सल्फाइड आलं की लोह ते पकडतं आणि काळं पडतं. ते सल्फाइड सल्फेटपासूनच आलं, हे रंग सांगत नाही. गरम झऱ्यांत थर्मोॲनेरोबॅक्टरसारखे जीवाणू हमखास असतात. ते सल्फेटला हात लावत नाहीत, पण थायोसल्फेटपासून सल्फाइड सहज करतात. गाळाबरोबर थोडं मूलद्रव्य गंधक आलं असेल तर त्यावर जगणारेही आहेत. शिवाय पोस्टगेट बीमध्ये यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतं, थायोग्लायकोलेट असतं, म्हणजे गंधकाचे आणखी दोन स्रोत तुम्ही स्वतःच घातलेत. चार दिवसांत कुट्ट काळं होणं हे सल्फेट क्षपणाचं चांगलं लक्षण आहे, पुरावा नाही.

पुरावा म्हणजे हिशेब. सल्फेट किती कमी झालं, सल्फाइड किती वाढलं आणि लॅक्टेट (माध्यमातलं अन्न) किती खर्च झालं, हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. एका सल्फेटचं सल्फाइड व्हायला आठ इलेक्ट्रॉन लागतात. लॅक्टेट ॲसिटेटपर्यंतच तोडलं तर चार मिळतात, पूर्ण कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेलं तर बारा. म्हणजे जीवाणू अर्धवट तोडणारा असेल तर दोन लॅक्टेटमागे एक सल्फेट जाईल, पूर्ण तोडणारा असेल तर दोन लॅक्टेटमागे तीन. हा साधा भागाकार तुम्हाला ओळखीच्या निम्म्या वाटेवर आणून सोडतो, कारण पूर्ण तोडणारे आणि अर्धवट तोडणारे हा भेद या गटाच्या वर्गीकरणात जुना आणि अजूनही कामाचा आहे. मात्र हा हिशेब पोस्टगेट बीमध्ये करू नका. त्यात न विरघळलेलं कॅल्शियम सल्फेट तळाशी बसलेलं असतं, सल्फेट मोजणार कसं? बी हे माध्यम जीवाणू आहे की नाही एवढं पाहायला आणि तो सांभाळायला. मोजमापासाठी पोस्टगेट सी किंवा विडेल पद्धतीचं बायकार्बोनेटवालं स्वच्छ माध्यम घ्या. सल्फाइडचा नमुना काढला की त्याच क्षणी झिंक ॲसिटेटमध्ये सोडा. 60 अंशांची नळी उघडून टेबलावर ठेवली तर सल्फाइड मोजायची मिथिलीन ब्लूची चाचणी लावेपर्यंत हायड्रोजन सल्फाइड खोलीभर झालेला असतो आणि आकडा निम्म्यावर आलेला असतो.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेची नळी. पुस्तकात लिहिलेलं असतं की एक नळी ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवून, मृत कंट्रोल ठेवा. मी तशीच ठेवली होती. गाळ घातलेली नळी 121 अंशांना वीस मिनिटं ऑटोक्लेव्ह केली आणि इतरांबरोबर 60 अंशांच्या वॉटर बाथमध्ये उभी केली. जिवंत नळ्या तिसऱ्या दिवशी काळ्या झाल्या, मृत नळी अकराव्या दिवशी. आधी वाटलं लेबलं बदलली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग उमगलं की नळीत बीजाणू (जीवाणूंची कवचबंद, झोपी गेलेली रूपं) होते आणि ऑटोक्लेव्हने ते मेलेच नव्हते. डेसल्फोटोमॅक्युलमच्या उष्णताप्रिय जातींचे बीजाणू जीवाणूजगतातल्या सर्वांत चिवट बीजाणूंपैकी आहेत. खाडीच्या गाळातले असे बीजाणू एकामागून एक ऑटोक्लेव्ह करूनही जगल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. म्हणून या कामात माझा भरवसा मॉलिब्डेट कंट्रोलवर असतो. 20 मिलिमोलर सोडियम मॉलिब्डेट घातलं की सल्फेटला सक्रिय करणारं एटीपी सल्फ्युरिलेज हे एन्झाइम अडतं आणि सल्फेट क्षपण थांबतं. सोबत सल्फेट अजिबात नसलेली, म्हणजे सगळे सल्फेट क्षार क्लोराइडने बदललेली एक नळी ठेवा. या दोन्ही स्वच्छ राहिल्या आणि मुख्य नळी काळी झाली, तर सल्फेट क्षपण झालं असं म्हणायला हरकत नाही.

याच चिवट बीजाणूंमुळे या गटाचा इतिहास जवळजवळ चाळीस वर्षं गोंधळात राहिला. तो इतिहास सांगते, कारण तुमच्या नळीत आज तोच गोंधळ असू शकतो.

बायरिंकने 1895 साली डेल्फ्टमध्ये पहिला सल्फेट-क्षपक वेगळा काढला, तो साध्या तापमानाचा होता. पुढे 1925मध्ये एलिऑनने 55 अंशांच्या आसपास वाढणारा वर्णिला आणि त्याला व्हिब्रिओ थर्मोडेसल्फ्युरिकन्स म्हटलं. 1930मध्ये बार्सने डेल्फ्टच्याच प्रबंधात मांडलं की हे दोन वेगळे जीवाणू नव्हेतच, 30 अंशांचा जीवाणू हळूहळू सवय लावत 55 अंशांपर्यंत नेता येतो आणि परतही आणता येतो. स्टार्कीने 1938मध्ये पाहिलं की 30 अंशांना वळणदार, बारीक पेशी दिसतात आणि 55 अंशांना जाड, बीजाणू करणाऱ्या काड्या. त्यालाही ते एकाच जीवाणूचं रूप बदलणं वाटलं. नीट विचार केला तर उत्तर सोपं आहे: कल्चर मिश्र होतं. 30 अंशांना एक वाढत होता आणि दुसऱ्याचे बीजाणू तळाशी पडून होते, तापमान चढवलं की पहिला मरत होता आणि दुसरा उठत होता. पण शुद्ध कल्चर हातात नसताना हे कळणार कसं?

आणि हा दुसरा जीवाणू तोवर वेगळ्याच दारातून येऊन गेला होता. अमेरिकेत मक्याच्या दाण्यांचे डबे खराब होत. असा डबा बाहेरून चांगला दिसतो, फुगत नाही, कारण हायड्रोजन सल्फाइड आतल्या पाण्यात विरघळून राहतो. उघडला की सडक्या अंड्यांचा भपकारा येतो आणि डब्याच्या पत्र्यातल्या लोहामुळे आतला रस शाईसारखा काळा झालेला दिसतो. वर्कमन आणि वीव्हर यांनी 1927मध्ये या डब्यांतून क्लॉस्ट्रिडियम निग्रिफिकन्स वर्णिला. तो सल्फेट-क्षपक आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. 1957मध्ये कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डब्यातला क्लॉस्ट्रिडियम आणि गाळातला बीजाणूवाला उष्णताप्रिय सल्फेट-क्षपक एकच आहेत. 1965मध्ये कॅम्पबेल आणि पोस्टगेट यांनी बीजाणू करणाऱ्या सगळ्या सल्फेट-क्षपकांसाठी डेसल्फोटोमॅक्युलम ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) काढली. टोमॅक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली तो जाड, थोडा वाकडा, एका टोकाला चमकदार फुगवटा असलेला आकार पाहिला की नाव चपखल वाटतं.

त्यामुळे तुमचं पहिलं काम शुद्धीकरण. 10च्या घातांकात विरळ करत आठव्या नळीपर्यंत जा, शेवटची वाढलेली नळी घ्या, त्यातून पुन्हा आठ. असं तीनदा. मग अगार शेकमध्ये (नळीत गोठवलेल्या अगार माध्यमात) वसाहती मिळवा. 60 अंशांना अगार कसाबसा टिकतो, पाणी सोडतो. 65च्या वर जायचं तर जेलन गम वापरा. पुष्कळ जण 80 अंशांना दहा मिनिटं तापवून "फक्त बीजाणूवाले उरले" असं म्हणतात. साध्या तापमानाच्या कामात ते ठीक. इथे 80 अंशांना आरामात तग धरणारे, बीजाणू न करणारेही असतात, त्यामुळे गाळणी लागतच नाही. बीजाणूवाले निवडायचे तर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. शेवटी शुद्धतेची परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली आणि सल्फेट नसलेल्या ग्लुकोज-यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या माध्यमात, दोन्हीकडे घ्या. सोबती लपला असेल तर तो त्या दुसऱ्या माध्यमात आधी वर येतो.

ग्रॅम स्टेनचा, म्हणजे भित्तिकेवरून जीवाणूंचे दोन गट पाडणाऱ्या रंगचाचणीचा, एक सापळा आहे. डेसल्फोटोमॅक्युलमची भित्तिका रचनेने ग्रॅम-पॉझिटिव्ह असते, पण स्टेन बहुतेक वेळा गुलाबी, म्हणजे निगेटिव्ह येतो. माझ्या एका विद्यार्थ्याने एवढ्यावरून चांगलं कल्चर फेकून दिलं होतं. स्टेनवर विसंबू नका, बीजाणू शोधा. लॅक्टेट संपत आल्यावर जुन्या नळीत बघा, ताज्यात दिसणार नाहीत.

शुद्ध कल्चर हातात आलं की ते कुणाच्या घरचं, हा प्रश्न येतो. "उष्णताप्रिय सल्फेट-क्षपक" हे कुळाचं नाव नाही, धंद्याचं नाव आहे. एकच धंदा करणारी, पण एकमेकांपासून फार दूरची घराणी आहेत. डेसल्फोटोमॅक्युलम आणि त्याचे भाऊबंद बॅसिलोटा संघातले. थर्मोडेसल्फोबॅक्टेरियम कम्यून हा यलोस्टोनच्या झऱ्यातून 1983मध्ये वर्णिलेला, 70 अंशांना उत्तम वाढणारा, बीजाणू न करणारा. त्याच्या चरबीत ईथर बंध आहेत, जे बहुतेक जीवाणूंत सापडत नाहीत आणि आर्कियाची (जीवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांची) खूण मानले जात. थर्मोडेसल्फोव्हिब्रिओ येलोस्टोनी हा यलोस्टोन सरोवरातला, 65 अंशांचा, पण नायट्रोस्पिरोटा संघातला. थर्मोडेसल्फोरॅब्डस नॉर्वेजिका उत्तर समुद्राच्या तेलक्षेत्रातला, 60 अंशांचा, ॲसिटेट पूर्ण तोडणारा. थर्मोडेसल्फॅटेटर इंडिकस आपल्या हिंदी महासागराच्या तळातल्या मध्य कटकावरच्या उष्ण झोतातून आलेला, 2004मध्ये वर्णिलेला, हायड्रोजनवर जगणारा. आणि आर्किओग्लोबस फुल्गिडस तर जीवाणूच नाही, आर्किया आहे. इटलीच्या व्हल्कानो बेटाजवळून स्टेटर यांनी तो काढला, 83 अंशांना तो सर्वांत चांगला वाढतो. 420 नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याच्या पेशी निळ्या-हिरव्या चमकतात.

तुमच्या नळीतला यांपैकी कोणता असू शकतो याचा अंदाज स्वस्तात घेता येतो. सल्फाइट रिडक्टेज या सल्फेट क्षपणातल्या एन्झाइमच्या रंगद्रव्यावरून जुने लोक गट ओळखत. डेसल्फोव्हिब्रिओमध्ये डेसल्फोव्हिरिडिन असतं: पेशींवर सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरलं की लाल चमक येते. पोस्टगेटची ही 1959ची चाचणी दोन मिनिटांत होते. डेसल्फोटोमॅक्युलममध्ये त्याऐवजी पी582 आणि थर्मोडेसल्फोबॅक्टेरियममध्ये डेसल्फोफुसिडिन असतं, त्यांना ती लाल चमक येत नाही. 60 अंशांच्या कल्चरमध्ये लाल चमक आली तर मला आधी भेसळीचा संशय येईल.

आता तुमच्या 98.2 टक्क्यांकडे. 98.7चा आकडा पूर्ण लांबीच्या, म्हणजे सुमारे 1500 अक्षरांच्या जनुकासाठी आहे. 600च्या तुकड्यात तीन-चार अक्षरं चुकीची वाचली गेली तरी अर्धा टक्का जातो. मिश्र कल्चरमधून वाचलं असेल तर तो आकडा कुणाचा हेही सांगता येत नाही. शिवाय या गटाची एक खोड आहे: डेसल्फोटोमॅक्युलम कुझनेत्सोव्हीच्या 16एस जनुकांत मोठे जादा तुकडे घुसलेले आढळले आहेत. पीसीआरचा (जनुकाच्या प्रती काढण्याच्या पद्धतीचा) पट्टा 1500ऐवजी वर दिसला तर "चुकीचं वाढलं" म्हणून टाकून देऊ नका, तो वाचून घ्या. आणखी एक: उष्णताप्रियांच्या 16एसमध्ये जी आणि सी ही अक्षरं जास्त असतात, म्हणून दूरचे उष्णताप्रिय वंशवृक्षावर उगाच जवळ येतात.

सल्फाइट रिडक्टेजचं dsrAB जनुक वाचा असं कुणीतरी सुचवेलच, आणि सल्फेट क्षपणाची क्षमता दाखवायला ते उत्तम आहे. पण त्यावरून वंशावळ मांडू नका. हे जनुक घराणी ओलांडून गेलेलं आहे. आर्किओग्लोबसचं dsrAB जीवाणूंकडून आलेलं दिसतं, थर्मोडेसल्फोबॅक्टेरियमचं आणि काही डेसल्फोटोमॅक्युलमचंही त्यांच्या स्वतःच्या कुळाशी जुळत नाही. आज नवी जात मांडायची तर पूर्ण जीनोम हवा, जवळच्या प्रमाण-स्ट्रेनशी (जातीचा नमुना मानलेल्या कल्चरशी) सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य 95-96 टक्क्यांच्या खाली हवं, आणि सोबत शरीरक्रियेचं वर्णन हवं. तुलना करताना नावं तपासून घ्या. डेसल्फोटोमॅक्युलम 2018मध्ये फोडलं गेलं, कुझनेत्सोव्ही आता डेसल्फोफंड्युलसमध्ये आहे. त्याआधी 1997मध्ये ओरिएंटिस डेसल्फोस्पोरोसायनसमध्ये गेला होता. तुमच्या डेटाबेसने दाखवलेलं "डेसल्फोटोमॅक्युलम" कदाचित जुन्या पाटीवरचं असेल.

तापमानाची मोजणी मात्र जीनोमवर सोडता येत नाही. 35पासून 85पर्यंत पाच-पाच अंशांनी नळ्या लावा, इनक्युबेटरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता एका पाणी भरलेल्या नळीत तापमापी बुडवून बघा. हवेच्या इनक्युबेटरमध्ये वरच्या आणि खालच्या कप्प्यात तीन-चार अंशांचा फरक मी पाहिला आहे. पीएच त्याच तापमानाला मोजा, कारण तापल्यावर कार्बन डायऑक्साइड द्रवातून वर जातो आणि 25 अंशांना 7.0 असलेलं माध्यम 60 अंशांना वेगळंच असतं. माध्यमातल्या रेसाझुरिन या ऑक्सिजन दाखवणाऱ्या रंगाकडे लक्ष असू द्या. गुलाबी छटा दिसली म्हणजे ऑक्सिजन आहे, त्या नळीत जीवाणू टोचू नका. ती पूर्ण रंगहीन झाल्यावरच टोचा.

शेवटी एक गोष्ट, जी मला तुमच्या प्रश्नात नसतानाही सांगाविशी वाटते. 60 अंशांना तुमच्या नळीत वाढला म्हणून तो त्या झऱ्यात राहतो असं ठरत नाही. 2009मध्ये ह्यूबर्ट आणि सहकाऱ्यांनी स्वालबार्डजवळच्या आर्क्टिक समुद्राचा गाळ, जो बारमाही शून्याच्या आसपास असतो, 50 अंशांना ठेवला, आणि त्यात उष्णताप्रिय सल्फेट-क्षपक झपाट्याने वाढले. ते तिथे राहत नव्हते, बीजाणू म्हणून येऊन पडत होते. त्यांचा अंदाज दर चौरस मीटरला वर्षाला दहा कोटींहून अधिक बीजाणू पडतात असा होता. बहुधा खोलवरच्या तेलसाठ्यांतून किंवा समुद्रतळाच्या उष्ण कवचातून ते वर येतात. कोकणातल्या उन्हाळ्यांना, म्हणजे गरम झऱ्यांना, पाणी खोलवरून, भेगांतून वर येतं. तुमचा जीवाणू कुंडातल्या गाळात राहत असेल किंवा जमिनीखालून पाण्याबरोबर आलेला पाहुणा असेल. जमिनीखाली ते खरोखर राहतात. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत 2.8 किलोमीटर खोल, सुमारे 60 अंशांच्या पाण्यात एकच सल्फेट-क्षपक, डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर, जवळजवळ सगळी वस्ती व्यापून होता. 2008मध्ये त्याचा जीनोम आला, आणि त्याला प्रयोगशाळेत वाढवणं जमलं ते 2019मध्ये, सायबेरियातल्या एका खोल विहिरीच्या पाण्यातून.

म्हणून पुढच्या खेपेला झऱ्यावर जाल तेव्हा दोन नमुने घ्या. एक उगमाशी, जिथून पाणी फुटतं तिथूनच, बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता. दुसरा कुंडाच्या कडेच्या गाळाचा. तापमापीचं टोक नमुना घेतला त्याच जागी टेकवा. वीतभर अंतरात दहा अंशांचा फरक असतो. शक्य असेल तर गाळ त्याच्या स्वतःच्या तापमानाला ठेवून, वरून लॅक्टेट न घालता सल्फेट किती घटतं ते पाहा. ताज्या गाळात पहिल्याच दिवशी घट दिसली तर जिवंत पेशी काम करत आहेत. दोन-तीन दिवस काहीच नाही आणि मग एकदम घट, तर बीजाणू उगवल्याचा संशय घ्या.

नाव द्यायची वेळ आली तर स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, बाहेर बहुतेक जण जर्मनीत ब्राउन्श्वाइगच्या डीएसएमझेड या संग्रहाकडे पाठवतात. भारतातला स्ट्रेन बाहेर पाठवायला जैवविविधता कायदा 2002 लागू होतो, आणि त्याची प्रक्रिया चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे असते. ही कागदपत्रं जीनोमची वाट न पाहता आत्ताच सुरू करा. आणि ती पहिली काळी नळी रबरी बुचासकट, मेण लावून, अंधारात खोलीच्या तापमानाला ठेवून द्या. शुद्धीकरणात काही हरवलं तर बीजाणूंच्या भरवशावर पुन्हा तिथूनच सुरुवात करता येईल.